चमचा तिरका करून पाहा

उष्टावणाचा दिवस. बाळ मामाच्या मांडीवर, समोर चांदीच्या वाटीत खीर. मामा बोटातली सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या ओठांना लावतो आणि सगळं घर डोळे लावून बघतं. बाळ ओठ हलवतं, जीभ बाहेर काढतं आणि खीर हनुवटीवरून ओघळत नव्या झबल्यावर येते. "आवडली नाही वाटतं," मावशी म्हणते. आजी वाटीत डोकावून सांगतात, "घट्ट झालीय गं. त्याला गिळवत नाहीये. उद्यापासून वरणाचं पाणी सुरू कर."

मग त्या घरात महिना-दोन महिने सगळं पातळच शिजतं. वरणाचं पाणी, भाताची पेज, गाळलेलं सूप. हे सगळं अतिशय मायेनं केलेलं असतं. पण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान कितीतरी गुटगुटीत बाळांचं वजन अडतं, आणि त्याला बऱ्याचदा हेच मायेचं पाणी कारण असतं. असं का, ते समजायला आधी बाळाची जीभ, मग रक्त आणि मग पोट, या क्रमानं जाऊ.

दारावरची राखण

नुकत्या जन्मलेल्या बाळाला एकच खाणं येतं, चोखण्याचं. त्याच्या जिभेला स्तनाग्राखेरीज दुसरं काहीही लागलं, की ती ते आपोआप बाहेर ढकलते. ही निसर्गानं दारावर बसवलेली राखण आहे. श्वासाची आणि अन्नाची वाट घशात जवळजवळ असते, आणि दूध सोडून दुसरं काही गिळण्याचं कसब बाळाकडे अजून नसतं. तेव्हा जे येईल ते बाहेर.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ही राखण सैल होते. त्याच सुमारास बाळ मान नीट धरू लागतं, आधार दिला की बसतं, आपल्या ताटाकडे टक लावून बघतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. ही सगळी तयारी जुळून आली की बाळ घासाला तयार झालं म्हणायचं.

म्हणजे उष्टावणाच्या दिवशी खीर नावडती झालेली नव्हती. जीभ फक्त जुनं काम इमानानं करत होती. आता तिला उलटं काम शिकायचंय. घास गोळा करायचा, मागे न्यायचा आणि मग गिळायचा. पहिला आठवडाभर निम्मं अन्न लाळेऱ्यावर सांडणार, हे धरूनच चालावं.

यात आणखी एक गोष्ट घरच्यांचा जीव वर करते. बाळाला मध्येच ओकारीची उबळ येते. मोठ्या माणसाची उबळ जिभेच्या पार मागच्या टोकाला काही लागलं तर येते. बाळाच्या जिभेवर ही जागा बरीच पुढे असते आणि महिन्यांगणिक मागे सरकते. उबळ आली की बाळ खोकतं, तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, आवाज होतो. आवाज आहे म्हणजे हवा जातेय. थांबून बघा, बाळ स्वतःच घास पुढे आणतं. खरा धोका वेगळा असतो आणि तो मुकाट येतो. घास श्वासनलिकेत अडकला तर बाळाला रडताही येत नाही, खोकलाही येत नाही, ओठ निळसर पडू लागतात. अशा वेळी तोंडात बोट घालून चाचपू नये, घास आणखी आत जातो. बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, पाठीवर खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्याव्यात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावं, आणि कुणीतरी तोवर मदत बोलवावी. हे वाचून येत नाही. बाळाच्या डॉक्टरांकडून एकदा करून बघून शिकून घ्या.

आणि पायांवर आडवं टाकून भरवणं आता बंद. घास नेहमी बसवूनच.

सहावा लागला की सहा संपले?

आपल्याकडे या प्रश्नावर घराघरांत घोळ होतो. 'सहावा महिना लागला' म्हणजे पाचच पूर्ण झालेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं सहा महिने पूर्ण झाल्यावरचं आहे, म्हणजे साधारण १८० दिवस. तोवर फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं खाणं सुरू करायचं, पण अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं.

उष्टावण मुलाचं सहाव्या किंवा आठव्या, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात, अशी रीत बऱ्याच घरांत आहे. मुलीसाठी सातवा निवडला, तर रीत आणि वैद्यक एकाच दिवशी भेटतात. मुलासाठी सहाव्यात मामाच्या हातून खीर नुसती ओठांना लावावी आणि खरं भरवणं महिनाभरानं सुरू करावं. सण चुकत नाही, बाळाचंही काही बिघडत नाही.

शिदोरी संपते तेव्हा

दूध एवढं चांगलं, तर सहा महिन्यांनंतर ते एकटं का पुरत नाही? मुख्य उत्तर लोहात आहे. रक्ताचा लाल रंग आणि प्राणवायू वाहून नेण्याची ताकद लोहामुळे येते. वाढत्या मेंदूलाही ते लागतं. आईच्या दुधात मात्र लोह अगदी थोडं असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. ते छान शोषलं जातं, तरी मोजून मापून तेवढंच.

निसर्गानं याची सोय आधीच करून ठेवलेली असते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई बाळाच्या अंगात लोहाची शिदोरी भरते. बाळ पहिले सहा महिने त्या शिदोरीवर काढतं. जन्माच्या वेळी नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि शिदोरीत भर पडते. उलट बाळ दिवसांआधी जन्मलं, वजनाला कमी भरलं, किंवा आईच्याच अंगात रक्त कमी असलं, तर शिदोरी हलकी असते आणि लवकर संपते. अशा बाळांना डॉक्टर सहा महिन्यांच्या आधीच लोहाचे थेंब देतात.

आपल्याकडे ही गोष्ट किती गंभीर आहे, हे एका आकड्यावरून कळतं. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ होता. दहातली सात मुलं. त्यात सुखवस्तू घरांतलीही आहेत, आणि म्हणूनच हा फक्त गरिबीचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाही.

तेव्हा पहिल्या घासापासून लोहाचा विचार हवा. जी घरं खातात त्यांनी अंडं, मऊ शिजवून बारीक केलेलं चिकन किंवा कलेजी, काटे नीट काढलेले मासे सहाव्या महिन्यानंतर सुरू करायला हरकत नाही. यातलं लोह शरीर सहज उचलतं. डाळी, नाचणी, बाजरी, पालेभाज्या यांतही लोह आहे, पण धान्या-कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोहाला धरून ठेवतो आणि आतड्यातून तसंच बाहेर नेतो. भिजवलं, मोड आणले की फायटेट कमी होतं. घासावर लिंबाचे दोन थेंब पिळले की त्यातलं क जीवनसत्त्व लोहाची सुटका करतं. आणि चहात बुडवलेलं बिस्किट, जे कितीतरी बाळांचं पहिलं 'वरचं खाणं' असतं, ते उलट काम करतं. चहातले तुरट पदार्थ लोह अडवतात. बाळाला चहा नकोच. एवढं करूनही ताटातलं लोह बऱ्याचदा कमी पडतं, म्हणून सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध देण्याची सरकारी योजना आहे. आशाताई बाटली घेऊन आल्या तर तिला नाही म्हणू नका.

मुठीएवढं पोट

आता वरणाच्या पाण्याकडे येऊ. सहा महिन्यांच्या, सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावतं. एवढीच जागा. जे काही द्यायचं ते तिच्यात बसलं पाहिजे. गावाला निघताना एकच पिशवी न्यायची असेल, तर आपण तिच्यात हवा भरून नेत नाही.

आईच्या दुधात १०० मिलिलिटरला ६५ ते ७० कॅलरी असतात, शिवाय स्निग्धांश. वरणाच्या वरच्या पाण्यात १०० मिलिलिटरला छोट्या चमचाभर डाळीइतकं सत्त्व उतरलं असं धरलं, तरी सतरा-अठरा कॅलरी होतात. म्हणजे वरणाचं पाणी आईच्या दुधापेक्षा चौपट पातळ! ते पिऊन पोट भरतं, बाळ शांत होतं, आणि त्यामुळे एक वेळचं दूध कमी पितं. घरच्यांना वाटतं बाळ जेवलं. खरं तर जेवणाची जागा पाण्यानं घेतली.

सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या खाण्यातून हव्यात. ऐकायला खूप वाटतं, पण एक हिशेब करून बघा. खिमट घ्या. आपल्या घरांतला हा जुना, उत्तम पदार्थ आहे: तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन वाळवायची, भाजायची, जाडसर दळून ठेवायची. २५ ग्रॅम तांदूळ, १० ग्रॅम डाळ आणि छोटा चमचाभर तूप, मिळून साधारण १६५ कॅलरी. हे शिजून २०० ग्रॅम झालं, तर अर्ध्या वाटीत (वाटी २५० मिलिलिटरची) शंभरेक कॅलरी येतात. दिवसातून दोनदा अर्धी वाटी, झालं काम. पण गिळायला सोपं जावं म्हणून त्यातच पाणी घालून ४०० ग्रॅम केलं, तर त्याच अर्ध्या वाटीत पन्नासच उरतात. वाटी तीच, बाळ तेच, पोषण निम्मं.

घट्टपणा मोजायला काटा लागत नाही. चमच्यात घास घ्या आणि चमचा तिरका करा. घास चमच्यातच राहिला किंवा जड होऊन हळूच घसरला, तर बरोबर. पाण्यासारखा ओघळला, तर पातळ आहे, परत शिजवायला ठेवा. मी नव्या आईला दुसरं काही सांगो न सांगो, हे आवर्जून करून दाखवते.

तूप घालायला घाबरू नका. लहान जागेत सर्वांत जास्त ताकद स्निग्धांशातच मावते.

मोड आलेल्या नाचणीची करामत

इथे आजींचा मूळ मुद्दा मात्र उरतोच. बाळाला फार घट्ट गिळवत नाही, हे खरं आहे. पिठात पिष्ट असतं. त्याचे कण गरम पाण्यात फुगतात, साबुदाणा फुगतो तसे, आणि सगळं पाणी धरून बसतात. म्हणून थोडं पीठ घातलं तरी खीर दाट होते. पातळ केली तर अन्न कमी, घट्ट ठेवली तर गिळवत नाही. या पेचातून सुटका मोड आलेल्या धान्यात आहे.

ही गोष्ट स्वतःच्या ओट्यावर करून बघावी अशी आहे. मी केली तेव्हा वाटीभर पाण्यात चार मोठे चमचे नाचणीचं पीठ शिजवलं. ते इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. त्याचे दोन भाग केले. थोडं निवल्यावर, म्हणजे वाफ कमी झाली पण भांडं हाताला अजून चटका देत होतं तेव्हा, एका भागात मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ छोटा चमचाभर ढवळलं. काही मिनिटांत ती खीर सैल पडली आणि चमच्यावरून घरंगळू लागली. दुसरी तशीच गोळा होऊन बसलेली. पाण्याचा एक थेंब जास्त घातला नव्हता.

झालं काय? बीज उगवताना त्याला साठवलेल्या पिष्टातून स्वतःचं पोट भरायचं असतं. त्यासाठी ते अमायलेज नावाचं विकर तयार करतं. हे विकर म्हणजे बारीक कात्रीच, पिष्टाच्या लांब साखळ्या कापून त्यांचे छोटे, गोडसर तुकडे करणारी. आपल्या लाळेतही तेच असतं, म्हणून भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो. साखळ्या कापल्या गेल्या की पिष्टाला पाणी धरून ठेवता येत नाही आणि खीर सैल होते. अन्न तेवढंच, घास मऊ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बाळांच्या खाण्यासाठी याच युक्तीचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या आज्या-पणज्यांनी नाचणीला मोड आणून ठेवण्याची रीत कधीपासून जपली होती, तिच्यामागचं शास्त्र हे.

दोन सूचना. विकर उकळत्या खिरीत मरतं, म्हणून खीर आधी थोडी निवू द्यायची. पण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून खीर सैल झाली की तिला पुन्हा एक चांगली उकळी आणायची. आणि दुसरी गोष्ट, भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळून केलेलं पांढरंशुभ्र सत्त्व दिसायला देखणं असलं, तरी नाचणीतलं कॅल्शियम आणि लोह बरंचसं सालाजवळ असतं. ते फडक्यात उरलेल्या चोथ्याबरोबर जातं. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, सगळं धान्य बारीक दळून वापरलेलं बरं.

┌──────────────────
किती आणि कितीदा?
सुरुवातीला: दोन-तीन चमचे, दिवसातून एक-दोनदा.
६ ते ८ महिने: हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत (२५० मिलिलिटरची वाटी), दिवसातून २-३ वेळा.
९ ते ११ महिने: अर्धी वाटी, ३-४ वेळा, मधे एखादं केळं, उकडलेलं रताळं.
१ ते २ वर्षं: पाऊण ते पूर्ण वाटी, ३-४ वेळा आणि मधलं खाणं.
या सगळ्या काळात अंगावरचं दूध चालू.
└──────────────────

कूट हो, दाणा नको

शेंगदाणा, अंडं, मासे यांची अ‍ॅलर्जी होईल म्हणून ते उशिरापर्यंत टाळायचे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तो आता बदललाय, आणि बदलण्यामागची गोष्ट वाचण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा दहापट जास्त आहे, असं २००८ मध्ये दिसून आलं. वंश साधारण एकच, मग फरक कशाचा? इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा फुलवलेला खाऊ खात होती, ब्रिटनमध्ये नव्हती. मग लंडनमध्ये गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं घेऊन प्रयोग केला. काहींना नियमित शेंगदाणा दिला, काहींना पाच वर्षांचं होईपर्यंत टाळायला लावला. २०१५ मध्ये निकाल आला: खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. पोटातून ओळख झालेलं अन्न शरीर सहसा शत्रू मानत नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. बाकीच्यांना नवा पदार्थ एका वेळी एक, थोडासा, आणि दिवसा, म्हणजे अंगावर पुरळ उठलं तर लगेच लक्षात येईल.

पण शेंगदाणा म्हणजे बारीक कूट, खिमटात किंवा खिरीत नीट मिसळलेलं. अख्खा दाणा नाही. अख्खा शेंगदाणा, हरभरा, द्राक्ष, बोराची बी हे श्वासनलिकेत अडकणारे पदार्थ आहेत. दाढा येऊन मूल नीट चावू लागेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षांपर्यंत, त्यांच्यापासून सांभाळायचं. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मला म्हणूनच फार धास्ती वाटते. बोरं, हरभरे, शेंगदाणे, कुरमुरे, उसाचे करवे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि आजूबाजूची मुलं वेचून खातात. बाळही हाताला येईल ते तोंडात घालतं. या सगळ्यांऐवजी फुलांच्या पाकळ्या आणि मोठे, तोंडात न मावणारे खाऊचे पुडे वापरले, तर सोहळा तेवढाच गोड होतो.

वर्षभर थांबायच्या गोष्टी

मध. गुटी मधात उगाळायची, जन्मल्यावर मधाचं बोट चाटवायचं, ही रीत घट्ट रुजलेली आहे, म्हणून कारण नीट सांगायला हवं. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात चांगल्या जंतूंची दाट वस्ती असते, तिथे त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही. बाळाचं आतडं म्हणजे मोकळा पडलेला प्लॉट, गाजरगवत पडलं की फोफावतं. त्यातून तयार होणारं विष स्नायू लुळे पाडतं, श्वासाचेसुद्धा. कच्चा, घरचा, शुद्ध असला तरी मध नकोच.

मीठ आणि साखर. बाळाच्या मूत्रपिंडांना जादा मीठ बाहेर टाकणं जड जातं, आणि बेचव आपल्या जिभेला लागतं, बाळाच्या नाही. गायीचं दूध खिरीत शिजवून थोडं चालेल, पण आईच्या दुधाच्या जागी मुख्य दूध म्हणून वर्षाआधी नको. त्यात लोह नगण्य असतं आणि ते आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही करू शकतं.

तोंड फिरवलं तर

बाळ दुधी नाकारतं, तेव्हा आपण दोन दिवसांत ठरवून टाकतो की याला दुधी आवडत नाही. नव्या चवीशी ओळख व्हायला आठ-दहा वेळा तरी ती चाखावी लागते. गर्भजलातून आणि दुधातून आईच्या ताटातल्या चवी बाळापर्यंत आधीच पोचलेल्या असतात. गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी गाजर घातलेली पेज जास्त खुशीत खाल्ली, असं अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसलंय. तेव्हा जिरं, हिंग, हळद यांची चिमूट घाबरत घालायचं काही कारण नाही.

मिक्सर मात्र वेळेत बंद करायचा. चावण्याची हालचाल शिकायलाही वेळ असते. ब्रिटनमध्ये हजारो मुलांच्या पाहणीत असं आढळलं की दहा महिन्यांनंतरच ज्यांना गुठळ्यांचं, भरड अन्न मिळालं, ती मुलं पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त त्रास देत होती. सातव्या-आठव्या महिन्यात मिक्सर सोडून चमच्यानं किंवा हातानं चुरा, नवव्यात बोटांत धरता येतील असे मऊ उकडलेले गाजराचे, बटाट्याचे तुकडे हातात द्या. दात नसले तरी हिरड्या पुष्कळ काम करतात.

बाळ तोंड फिरवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं, तेव्हा ते सांगत असतं की पुरे. वाटी खाली ठेवा. मोबाइलवर गाणं लावून उरलेले चार घास आत सरकवू नका. तासाभरानं अंगावर घ्या, संध्याकाळी तेच वरण पुन्हा. बाकीच्यांच्या वरणात तिखट-मीठ पडण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढून ठेवली, म्हणजे वेगळा स्वयंपाक करायचीही गरज पडत नाही.